शंभर श्वासांत तीन थेंब

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांची पोरं इंजिनीअर होत होती.

कुठलं जंगल, असं विचारू नका. सगळ्याच जंगलांत होत होती. पण गोष्टीत एकच जंगल असावं असा जुना नियम आहे, म्हणून आपण एकाच जंगलाचं बोलू.

पूर्वी या जंगलात असं नव्हतं. सुगरणीच्या पोरानं घरटं विणायचं, वाळवीच्या पोरीनं वारूळ उभारायचं, खेकड्याच्या पोरानं चिखलात भोक पाडायचं, असा सरळ मामला होता. तू हे कुठं शिकलास, असं कुणी कुणाला विचारत नसे. मग एकदा काय झालं, शेजारच्या जंगलातलं एक माकड इंजिनीअर होऊन परदेशी गेलं. तिथं त्याला दिवसभर पिंजऱ्यात बसावं लागे म्हणे, पण पिंजरा वातानुकूलित होता. ही बातमी आली आणि आपल्या जंगलातल्या आईबापांची झोप उडाली.

लगेच ओढ्याकाठी कॉलेज निघालं. सुगरणीची पोरं तिथं घरटं विणायला शिकू लागली. चार वर्षांनी बाहेर पडत तेव्हा त्यांना घरटं विणता येत नसे, पण घरट्याची व्याख्या, प्रकार आणि फायदे-तोटे तोंडपाठ असत. आईबापांना धन्य वाटे. मग ते स्वतःच पोरांना घरटं विणून देत.

या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शलाका नावाची एक साळिंदराची मुलगी होती. तिची आई बिळं खणण्यात नावाजलेली. माती जिभेच्या टोकावर ठेवली की ही टिकेल की ढासळेल, ते तिला कळायचं. ससे, घुशी, खोकड, सगळे खणायच्या आधी तिला बोलावून नेत. पण तिला स्वतःला या विद्येचं काही कौतुक नव्हतं. माझी नखं झिजली, तुझी नको झिजायला, असं ती शलाकाला म्हणे. पोरीनं सावलीत बसावं आणि कुठं खणायचं ते दुसऱ्यांना सांगावं, एवढीच तिची इच्छा होती. शलाकाला या इच्छेचं ओझं वाटे, आणि आईच्या नखांकडं पाहिलं की वाईटही वाटे. इंजिनीअरिंगच्या बहुतेक पोरांना ही दोन्ही दुखणी एकदमच असतात.

आता तुम्हाला वाटेल, कॉलेज म्हणजे नुसती मजा. वाटू द्या, अजून लहान आहात.

सकाळी हजेरी असे. ती पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की वडाच्या खोडावर डिफॉल्टरची यादी लागे, आणि यादीत नाव आलं की आईला घेऊन यावं लागे. दुपारी मेस. तिथली आमटी आणि ओढ्याचं पाणी यांतला फरक ओळखणं हे पहिल्या वर्षाचं खरं प्रॅक्टिकल. मग असाइनमेंट, मग युनिट टेस्ट, मग मागच्या सत्रातली एखादी केटी. केटी म्हणजे काय? तर नापास, पण पुढच्या वर्गात बसून. सुट्टीत घरी जावं तर शेजारची घुशीण मावशी गाठून विचारायची, की यंदा कॅम्पसला कुठल्या कंपन्या येणार. तिच्या मुलाला दोन ठिकाणी मिळालं होतं. ते ती न विचारता सांगायची.

शलाकाला यावर आणखी एक ताप होता. साळिंदराच्या काट्यासारखं पेन जंगलात दुसरं नाही. सबमिशनचा आठवडा आला की अख्खा वर्ग तिच्या पाठीमागं लागायचा, अगदी शब्दशः पाठीमागं. एक दे, लगेच देतो, असं म्हणून जो तो काटा उपटून न्यायचा. परत कुणी देत नसे. घेतलेलं पेन परत करायची इंजिनीअरिंगमध्ये पद्धत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत तिच्या पाठीवर मधोमध चांगलं टक्कल पडलं होतं, आणि बिबट्या दिसला की इतर साळिंदरांसारखं काटे फुलवून उभं राहण्याऐवजी तिला पळावं लागायचं.

आणि सबमिशन म्हणजे सत्रभर केलेले, किंवा खरं सांगायचं तर न केलेले, प्रयोग जर्नलमध्ये लिहायचे आणि त्यावर सरांची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ष गेलं.

शलाकाचे नऊ प्रयोग सही होऊन आले होते. अडला होता तो एकच, प्रयोग क्रमांक सात : मातीच्या बांधातून होणाऱ्या पाझराचे मापन.

कॉलेजच्या वरच्या अंगाला ओढ्यावर एक मातीचा बांध होता. कुणा पणजोबांनी घातलेला. सगळ्या जंगलाचं उन्हाळ्याचं पाणी त्याच्या पोटात असे. बांधाखाली कॉलेज, कॉलेजच्या खाली उतारावर वस्ती, आणि त्या वस्तीत शलाकाच्या आईचं बीळ. प्रयोग सोपा होता. बांधाच्या पायथ्याशी एक करवंटी ठेवायची, शंभर श्वास मोजायचे आणि तेवढ्यात करवंटीत किती थेंब पडले ते लिहायचं. कुणाचे श्वास, सशाचे की गव्याचे, ते अभ्यासक्रमात दिलेलं नव्हतं.

उत्तर मात्र दिलेलं होतं. तीन थेंब.

चाळीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या जर्नलमध्ये तीन आलं होतं, तेव्हापासून तीनच येत होतं. पोरं करवंटी घेऊन बांधावर जात, सावलीत बसून बोरं खात आणि आधी उत्तर लिहीत. मग त्या उत्तराला शोभतील अशी निरीक्षणं वरच्या तक्त्यात भरत. दोन, तीन, चार, सरासरी तीन. अगदीच खोटं वाटू नये म्हणून काही हुशार पोरं दोन पूर्णांक नऊ दशांश थेंब लिहीत. नऊ दशांश थेंब कसा पडतो, हे विचारायची वेळ कुणावर आली नाही.

शलाकाही हेच करणार होती. तिचा सत्यवादी व्हायचा काही बेत नव्हता. पण प्रॅक्टिकलच्या दिवशी तिला ताप आला आणि दुसऱ्या दिवशी तिला एकटीलाच बांधावर जावं लागलं. उतरवायला शेजारी कुणी नव्हतं. वर्गातल्या नकुल नावाच्या मुंगसानं तिचं जर्नल आधीच उतरवायला नेलं होतं. बोरंही संपली होती. शेवटी करायला दुसरं काहीच नाही म्हणून तिनं करवंटी ठेवली आणि खरोखर थेंब मोजले.

तेहेतीस आले.

तिला वाटलं, तापामुळं दोनदा मोजले गेले असतील. पुन्हा मोजले, पस्तीस. आणखी एकदा, अडतीस. पाणीही नितळ नव्हतं, गढूळ होतं. आई सांगायची, बिळाच्या भिंतीतून नितळ पाणी पाझरलं तर खुशाल झोपावं, गढूळ आलं तर उठून बाहेर पडावं. गढूळ म्हणजे भिंत स्वतःची माती घेऊन निघाली.

तिनं आकडे रफ वहीत टिपले आणि नकुलनं जर्नल परत दिल्यावर त्यात लिहिलं, सरासरी पस्तीस.

हा विषय शिकवायला घोरपडे सर होते. घोरपडच ती, त्यामुळं एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नसत. तसे स्वभावानं वाईट नव्हते. चाळीस वर्षं नोकरी झाली होती, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते, आणि समोर सहाशे जर्नलांचा ढीग होता. ते प्रत्येक जर्नलचं शेवटचं पान आधी उघडत, उत्तर बघत आणि सही करत. शलाकाच्या जर्नलवर त्यांनी लाल शाईनं लिहिलं, उत्तर चूक, प्रयोग पुन्हा करावा.

तिनं पुन्हा केला. सत्तर आले. सरांनी पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी दीडशे आले, आणि करवंटीच्या तळाशी बोटभर गाळ बसला. या वेळी ती जर्नल घेऊन स्वतः सरांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, की सर, मी तिन्ही वेळा नीट मोजलंय, एकदा बांधावर येऊन बघा.

सरांनी चष्मा काढला. त्यांना तिची दया आली होती.

"चाळीस वर्षं तीन येतंय. इतकी हुशार हुशार पोरं होऊन गेली, सगळ्यांचं चुकलं आणि तुझं एकटीचं बरोबर?"

"सर, बांध बदलला असेल."

"बांध बदलत असेल. अभ्यासक्रम बदललेला नाही," सर म्हणाले. "शनिवार शेवटचा दिवस आहे. तीन आणून दे, सही करतो."

शनिवारी सबमिशन आणि सोमवारी ओरल, असं वेळापत्रक होतं. ओरलला बाहेरच्या जंगलातून परीक्षक येणार होते.

शुक्रवारी शलाका कँटीनमध्ये डोकं धरून बसली. नकुल समोर येऊन बसला. त्याच्या दोन केट्या होत्या आणि तो कॉलेजात इतकी वर्षं होता की नव्या शिक्षकांना खोल्या तोच दाखवायचा. त्यानं तिची सगळी हकीकत ऐकून घेतली. ऐकता ऐकता तिच्या पाठीचा एक काटाही काढून घेतला.

"तुला नक्की काय पास करायचंय, वर्ष की बांध?" त्यानं विचारलं.

उत्तर होतं, पण ते द्यायची तिला लाज वाटत होती. वर्ष गेलं तर आई आणखी एक वर्ष दुसऱ्यांची बिळं खणणार. घुशीण मावशी गावभर सांगत फिरणार. नकुलनं पानं उलटून सातवा प्रयोग काढला आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं तक्ता आखून दिला. दोन, तीन, चार. त्याच्याही मनात कपट नव्हतं. तो मदत करत होता.

शनिवारी सकाळी शलाकानं तीन लिहिलं. पहिल्यांदा तीनचा आकडा जरा आठसारखा दिसू लागला, म्हणून तिनं खाडाखोड न करता नवीन पान घेतलं. सरांनी शेवटचं पान उघडलं, हसून मान डोलावली आणि सही केली. शाब्बास, म्हणाले, मन लावून केलं की येतं बघ.

सही घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती सरळ वस्तीवर आईकडं गेली. आई बिळाच्या तोंडाशी बसून नखं घासत होती. शलाकानं तिला सगळं सांगितलं. तीन कसं लिहिलं, तेही सांगितलं.

आई रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "वहीतलं असू दे. खरं किती?"

"मोजता येत नाही आता. धार लागलीय."

आई उठली आणि बिळाबिळांतून फिरली. पोरं-बाळं घेऊन टेकडीवर चला, असं ससे, घुशी, खोकड सगळ्यांना सांगितलं. ती माती चाखणारी बाई होती, तिचं सगळे ऐकत. घुशीण मावशी तेवढी कुरकुरली, की माझा मुलगा इंजिनीअर आहे, तो तसं काही म्हणाला नाही. पण रविवारी संध्याकाळी तीही गाठोडं घेऊन टेकडीवर आली. मुलालाही बरोबर आणलं.

सोमवारी ओरल झाली.

परीक्षक होते करकोचे सर. लांब मान, लांब चोच आणि एकंदर जगाविषयी नाराजी. बाहेरून येणारा परीक्षक नाराजच असतो, आणि त्याला खुश ठेवणं हे खात्याचं काम असतं. त्यासाठी मेसमध्ये एरवी खास मासे मागवत. पण त्या दिवशी मासे मागवावे लागले नाहीत. ओरल सुरू झाली तेव्हा खोलीत घोटाभर पाणी होतं आणि मासे टेबलापर्यंत चालून आले होते. करकोचे सर एका पायावर उभे राहून प्रश्न विचारत होते आणि मधूनमधून चोच बुडवत होते. इतका समाधानी परीक्षक कॉलेजनं कधी पाहिला नव्हता.

पोरं एकेक करून आत जात होती. बांधातून होणारा पाझर किती, असा प्रश्न. शंभर श्वासांत तीन थेंब, असं उत्तर. सशानं ते उत्तर गुडघाभर पाण्यात उभं राहून दिलं. सुगरणीच्या पोरानं खिडकीच्या चौकटीवर बसून दिलं. नकुलनं पोहत दिलं, आणि त्याची एक केटी तिथंच सुटली.

शलाकाची पाळी आली तोवर पाणी तिच्या पोटाला लागलं होतं. करकोचे सरांनी तोंडातला मासा गिळला आणि तोच प्रश्न विचारला.

तिनं खाली पाण्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "सर, वहीत बघून सांगू की खाली बघून?"

करकोचे सरांनी घोरपडे सरांकडं पाहिलं. घोरपडे सर कपाटावर चढून बसले होते. ते म्हणाले, की वहीत बघून सांग.

"तीन थेंब," शलाका म्हणाली.

पंचवीसपैकी तेवीस मिळाले. आणि मग बांध फुटला.

घाबरू नका, कुणी मेलं नाही. वस्ती टेकडीवर होतीच. आवाज झाला तशी पोरंही खिडक्यांतून टेकडीकडं पळाली, आणि ज्यांना पळता येत नव्हतं त्यांना गव्यांनी पाठीवर घेतलं. करकोचे सर उडाले ते गेलेच. कॉलेजच्या भिंती पडल्या, मेस वाहून गेली, जंगलाचं उन्हाळ्याचं सगळं पाणी दोन घटकांत निघून गेलं. पाण्यावर यंदाची सहाशे आणि कपाटांतली जुनी अशी सगळी जर्नलं तरंगत होती. सही नेहमी पक्क्या शाईत असते, त्यामुळं सह्या शाबूत राहिल्या, बाकीचं पुसटसं उरलं.

आता अशा वेळी जंगलात काय करतात? बरोबर. चौकशी समिती नेमतात.

समितीत तीन सभासद होते : एक गवा, कारण तो वजनदार होता, एक कोल्हा, कारण तो सगळ्याच समित्यांत असे, आणि विषयाचे जाणकार म्हणून घोरपडे सर. समितीनं तरंगून आलेली जर्नलं वाळवली आणि वाचली. चाळीस वर्षांची मिळाली. सगळ्यांत पाझर तीन थेंब. इतक्या कमी पाझराचा बांध फुटूच शकत नाही, असं समितीला दिसून आलं. तरी तो फुटला होता, ही अडचण होती.

तेव्हा शलाका समितीपुढं गेली. आता तरी खरं सांगता येईल, असं तिला वाटलं. तिनं आपली रफ वही पुढं ठेवली. तेहेतीस, पस्तीस, अडतीस, सत्तर, दीडशे, आणि पुढं नुसतं 'धार'. वहीत तारखा होत्या, गाळाची नोंद होती. गव्यानं वही दोनदा वाचली. कोल्ह्यानं एकदाच वाचली आणि त्याचे डोळे चमकले.

आठ दिवसांनी अहवाल आला. त्यात म्हटलं होतं, की गळतीचा उल्लेख चाळीस वर्षांत फक्त एकाच वहीत सापडतो. ही वही सुरू होण्याआधी बांध गळत नव्हता. वहीतले आकडे वाढत गेले तसतशी गळती वाढत गेली. यावरून गळतीचा उगम कुठं आहे हे उघड आहे. सबब कुमारी शलाका हिचे ओरलचे गुण रद्द करण्यात येत असून, प्रयोग क्रमांक सात समाधानकारकपणे पुन्हा करून दाखवल्याशिवाय तिला पदवी देण्यात येऊ नये.

कॉलेज मग टेकडीवर भरू लागलं. शलाकानं चौथं वर्ष पूर्ण केलं आणि बाकी सगळे विषय सोडवले. तिच्या वर्गातले सगळे इंजिनीअर होऊन गेले. नकुलला दूरच्या जंगलात एका धरण कंपनीत नोकरीही लागली. मुलाखतीत त्याला पाझर विचारला होता. तीन थेंब म्हणाल्यावर त्यांनी लगेच घेतलं.

शलाका तेवढी राहिली. ती घोरपडे सरांकडं गेली आणि म्हणाली, की माझा प्रयोग घ्या. सर निवृत्त झाले होते, पण तिचा एक विषय शिल्लक म्हणून त्यांना थांबवून ठेवलं होतं. ते खरोखर हळहळले. प्रयोग घेतला असता, म्हणाले, पण बांध कुठाय? बांध नाही तर प्रयोग नाही, आणि प्रयोग नाही तर पदवी नाही. यात त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यांच्या हातात फक्त लाल पेन होतं.

मग शलाकानं काय केलं असेल? रडली. दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी ओढ्यावर गेली आणि बांध घालायला लागली.

पदवीसाठीच, बरं का. उगाच तिला थोर करू नका. पण एकदा हात मातीत गेल्यावर ती ते विसरली. आईही आली. आईनं प्रत्येक टोपली चाखून पाहिली. ही पोटात घाल, ही पाठीवर, ही फेकून दे, असं ती सांगे. वाळवीनं चिकणमाती मळून दिली. खेकड्यांनी पायथ्याला गोटे लावले. गव्यांनी थरावर थर तुडवला. समितीतला गवाही आला, आणि मान खाली घालून इतरांपेक्षा जास्त तुडवून गेला. शलाकाची नखं झिजली, बोथट झाली. आईनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण टोपली उचलणं काही थांबवलं नाही.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पाठीवरचे काटे पुन्हा भरून आले, कारण आता पेन मागायला कुणी नव्हतं. पावसाळ्यात बांध काठोकाठ भरला. सगळं जंगल बघायला आलं. शलाका पायथ्याशी जाऊन बसली आणि तिनं मातीला हात लावला. माती कोरडी होती. इतका आनंद तिला आजवर कधीच झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घोरपडे सर करवंटी घेऊन आले. त्यांनी करवंटी ठेवली, डोळे मिटले आणि शंभर श्वास मोजले. करवंटी कोरडी. पुन्हा मोजले. कोरडीच. सर उठले आणि बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोट घासत चालत गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, की इतका चांगला बांध मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि चाळीस वर्षं मीच बांध शिकवतोय.

मग त्यांनी जर्नल उघडलं. शेवटचं पान.

"पण उत्तर शून्य येतंय गं," ते हळूच म्हणाले. "तीन यायला हवं."

शलाकानं त्यांना समजावलं, की सर, शून्य म्हणजे गळतच नाही. सरांना ते समजत होतं. तेच तर त्यांचं दुःख होतं. पण शून्याला गुण द्यायचे कसे, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. लाल पेन त्यांनी तीन वेळा टेकवलं आणि तीन वेळा उचललं. उद्या सकाळी शेवटचं येतो, म्हणाले, तोवर बघ काही जमतंय का. आणि मागं वळून न पाहता गेले.

संध्याकाळी शलाका बांधापुढं बसून राहिली. मग तिनं आपलं सगळ्यात बारीक नख निवडलं, पायथ्याशी गोट्यांच्या वर जागा शोधली आणि खरवडायला सुरुवात केली. तिला हुंदका येत होता, पण ती खरवडत राहिली.

मागून आई आली. तिनं या बांधाची टोपली न् टोपली चाखलेली होती.

"हे भोक कशाला?" तिनं विचारलं.

"पदवीसाठी."

आईनं खाली बसून पाहिलं. बोटानं माती चाचपली. शलाकाला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर रागावणार.

"मग जरा तिरकं धर," आई म्हणाली. "सरळ गेलीस तर चार येतील."

सकाळी सर आले. करवंटी ठेवली, डोळे मिटले. एक थेंब पडला. पुष्कळ वेळानं दुसरा पडला. नव्वदाव्या श्वासाला तिसरा पडला, आणि शंभरावा श्वास सरांनी घाईघाईनं घेतला. सही झाली. शलाका प्रथम वर्गात पास झाली, आणि टेकडीवर सगळ्यांना मोहाची फुलं वाटली गेली.

तात्पर्य : बांध असा पक्का घालावा की जन्मभर कुणी त्याला नाव ठेवू नये, आणि मग उत्तरापुरतं भोक त्याला आपणच पाडून द्यावं. तिरकं.